लेकुरवाळ्याची वारी



मायबापहो, गेल्या चातुर्मासात एका गावी सप्ताहाचे कीर्तन आटोपले आणि मी देवळापुढच्या पारावर जरा टेकलो होतो. बुक्का लागला, प्रसाद झाला, मंडळी पांगली. एक तरुण जोडपे मात्र मागे रेंगाळले. बाईच्या कडेवर वर्षाचे लेकरू, आणि तिच्या मालकाच्या बोटाला चार वर्षांची मुलगी. पाया पडून तो म्हणाला, "महाराज, लग्नाआधी एक पायी वारी चुकवली नाही. आता पाच वर्षे झाली. वारी नाही, नेमाचा हरिपाठ नाही. कीर्तनाला बसावे तर ही पोरगी अर्ध्या घटकेत 'चला' म्हणते. सगळा वेळ पोरांना फिरवण्यात जातो. कधी देवळापर्यंत, कधी मळ्यात, कधी बाजाराला. परमार्थ पार बाजूला पडला. आमचं कसं व्हायचं?"

तो हे बोलत असताना ती चिमुरडी त्याचा सदरा ओढत होती. पाराच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती, ती बापाला दाखवायची होती. बाप म्हणत होता, "थांब गं, महाराजांशी बोलतोय."

मी त्याला उत्तर दिले, पण ते घाईचे उत्तर होते. "नाम सोडू नका, पोरे मोठी होतील, मग आहेच वारी," असे काहीतरी बोललो आणि गाडीत बसलो. घरी येईपर्यंत जिवाला चैन पडेना. कारण प्रश्न त्याने विचारला खरा, पण तो पस्तीस वर्षांपूर्वी मी स्वतःला विचारायला हवा होता. मी विचारला नाही, त्याचे फळ भोगले. आज त्या गृहस्थाला नीट उत्तर देतो. त्यात माझ्या चुकीची कबुली आली तर संतसभेत लाज कसली?

देव कसा चालतो

आपल्या संप्रदायात देवाची रूपे पुष्कळ सांगितली आहेत. कटीवर कर ठेवून उभा असलेला विठोबा तर आपण रोज पाहतो. पण जनाबाईंनी एक निराळा विठोबा पाहिला. तो विटेवर उभा नाही. तो चालला आहे, आणि एकटा चाललेला नाही. पोराबाळांचा लेंढार बरोबर आहे. कोणी खांद्यावर, कोणाचा हात धरलेला, कोणी पुढे, कोणी मागे, कोणी कडेवर. आणि नामदेवरायांनी देवाची करंगळी धरली आहे. जनाबाईंचा हा लेकुरवाळा देव आपल्या भजनात रोज येतो. टाळ वाजवता वाजवता आपण तो म्हणतो आणि पुढच्या अभंगाला लागतो. थांबून पाहत नाही.

आज थांबून पाहू. पहिली गोष्ट, देवाने सगळ्या लेकरांना एकाच रीतीने नेलेले नाही. जो दमला तो खांद्यावर. जो चालू शकतो पण अडखळतो, त्याचा हात धरला. ज्याला पुढे जायचे त्याला पुढे जाऊ दिले. जी मागे राहिली तिला ओढले नाही. प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे देव वाकला. आपण काय करतो? तीन पोरे असोत की चार, सगळ्यांना आपल्या चालीने हाकतो.

दुसरी गोष्ट, करंगळीच का? मायबापहो, घरी जाऊन पाहा. दोन वर्षांच्या लेकराची मूठ ती केवढी! त्या मुठीत मोठ्या माणसाचा पंजा मावत नाही, अंगठाही नीट धरता येत नाही. मावते ती करंगळी. सर्व बोटांत लहान, सर्वांत दुबळी. पण लेकराच्या हाती लागते ती तीच. जो अनंत ब्रह्मांडांचा धनी, तो लेकरासमोर आपले सगळे मोठेपण बाजूला ठेवून एवढीशी करंगळी पुढे करतो. आणि एकदा करंगळी दिली की चाल कोणाची? लेकराची! करंगळी धरलेल्या पोराबरोबर कोणाला धावता येते काय? धावायला लागलात की मूठ सुटते.

हे एवढे कळले तर आजचे निरूपण संपले. पण माझ्यासारख्या पढीक माणसाला एवढ्याने कळत नाही, म्हणून पुढे सांगतो.

पाठ होते, घरी उतरले नाही

माझे शिक्षण जुन्या पद्धतीचे. पहाटे उठून अमरकोश घोकावा, मग लघुकौमुदी, दुपारी काव्य. निरुक्ताचा पाठ चालू असताना 'अपत्य' शब्द आला. यास्काचार्यांनी त्याच्या दोन व्युत्पत्ती दिल्या आहेत. त्यांपैकी एक अशी की, ज्याच्यामुळे मनुष्य पडत नाही ते अपत्य. गुरुजींनी पितृऋणाच्या अंगाने तिचा अर्थ सांगितला आणि तो योग्यच आहे. पण आज मला तीत आणखी एक अर्थ दिसतो. आपल्याला वाटते, लेकरू पडू नये म्हणून आपण त्याचे बोट धरतो. आचार्य म्हणतात, लेकरामुळे तुम्ही पडत नाही! मग कोणी कोणाचे बोट धरले?

नीतिशास्त्रातले वचनही तेव्हापासून तोंडपाठ आहे की, पहिली पाच वर्षे लेकराचे लाड करावेत, पुढची दहा वर्षे शिस्त लावावी आणि सोळावे लागले की पुत्राला मित्रासारखे वागवावे. या वचनावर मी किती कीर्तने केली असतील! लोक माना डोलवीत. आणि माझा स्वतःचा मुलगा पाच वर्षांचा होईपर्यंत त्याच्याबरोबर मी किती संध्याकाळी नदीवर गेलो? बोटे मोजायला घेतली तर एका हाताची पुरतात. आज या गावी सप्ताह, उद्या त्या गावी काला. मी जगाला लेकुरवाळा विठोबा सांगत होतो आणि माझे लेकरू ओट्यावर बसून एस.टी.ची वाट पाहत होते.

1994 सालची कार्तिकी. मुलाला पाचवे वर्ष होते. "अण्णा, मला पंढरपूर दाखवा," म्हणून त्याने हट्ट घेतला, म्हणून नेला. दशमीच्या दुपारी वाळवंटातून चाललो होतो. चार वाजता एका फडावर माझी कीर्तनसेवा होती. कार्तिकात चंद्रभागेचे पाणी ओसरलेले, वाळू उघडी पडलेली. पोराचे पाय वाळूत रुतत. त्यात एका माणसाने लहान लहान टाळ विकायला मांडले होते. मुलगा थांबला. मी ओढला. पुढे वाळूत गोटे दिसले, तो पुन्हा थांबला. मी पुन्हा ओढला आणि म्हणालो, "तुझ्यापायी माझी सेवा चुकेल!" हात धरला आहे अशा समजुतीने मी चालतच राहिलो. मनात कीर्तनाचे प्रमाण जुळवत होतो. पन्नास-साठ पावले गेलो आणि पाहतो तो हात रिकामा.

मायबापहो, दशमीच्या वाळवंटात पाच वर्षांचे पोर हरवणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर बेतले तोच जाणे. भोंग्यावरून पुकारा केला. ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहत धावलो. पाण्याकडे पाहायचा धीर होईना. दोन तासांनी सापडला. कुठे? जिथे हात सुटला त्या जागेपासून दहा हातांवर. एका दिंडीतली म्हातारी त्याला मांडीशी घेऊन बसली होती. पदरातल्या लाह्या त्याला चारत होती आणि तो तिला वाळूतले गोटे दाखवत होता.

मी रडत, रागावत, दोन्ही करत पुढे झालो. म्हातारी म्हणाली, "म्हाराज, ह्याला मी इचारलं, तुझा बाप कुठं हाय? तर म्हणतंय, 'अण्णा पुढं गेले.' लेकरू हरवलं नव्हतं बाबा. ते हाय तिथंच बसलंय. हरवला व्हता तुमी."

'अण्णा पुढे गेले.' या तीन शब्दांवर मला त्या दिवशी कीर्तन करता आले असते. पण मी काय केले? पोराला उचलले, बिऱ्हाडी आईजवळ टाकले आणि उशिरा का होईना फडावर जाऊन उभा राहिलो. लोक म्हणाले, कीर्तन रंगले. देवाला काय वाटले असेल ते देव जाणे. त्यानंतर मुलाने पंढरपूरचा हट्ट पुन्हा धरला नाही.

भागवताच्या चौथ्या स्कंधात ध्रुवाचे आख्यान आहे. पाच वर्षांचे बाळ बापाच्या मांडीवर बसायला गेले आणि सावत्र आईच्या बोलण्याने मागे फिरले. आपण सुरुचीला दोष देतो. पण त्या सभेत उत्तानपाद गप्प बसला होता, हे विसरू नये. मांडी त्याची होती. पुढे नारदांजवळ राजाने पश्चात्ताप केला तो स्वतःच्या वागण्याचा. आणि सगळ्याच घरांतली पोरे ध्रुवासारखी देवाकडे जात नाहीत, मायबापहो. पुष्कळशी नुसतीच दूर जातात.

ब्रह्मगिरीची फेरी

कोणी म्हणेल, "महाराज, पोरांना फिरवणे हा प्रपंच. संतांनी असल्या गोष्टींत वेळ घालवला काय?" त्याला माउलींच्या घरचीच गोष्ट सांगतो.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता यांना जनांनी वाळीत टाकलेले. संन्याशाची पोरे म्हणून लेकरांना बोलणी. परंपरेने शके 1195 मध्ये निवृत्तिनाथ, 1197 मध्ये ज्ञानोबाराय, 1199 मध्ये सोपानदेव आणि 1201 मध्ये मुक्ताबाई असा जन्मक्रम सांगतात. म्हणजे दोन दोन वर्षांच्या अंतराची चार लहान लेकरे. अशा स्थितीत आईबापांनी काय केले? दार लावून घरात बसले नाहीत. मुलांना घेऊन त्र्यंबकेश्वरी गेले आणि ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा धरली. आजही श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, लोक ती फेरी करतात. लहान फेरी झाली तरी सुमारे वीस किलोमीटरची. मोठ्या माणसाच्या पिंढऱ्या भरून येतात. ही लेकरे कशी चालली असतील? कोणी कडेवर, कोणी बोटाला, कोणी पुढे. जनाबाईंनी पाहिलेल्या लेकुरवाळ्याचे चित्र त्या डोंगरवाटेवर या घराने आधीच गिरवले होते, असे मला वाटते.

त्या वाटेत वाघ आडवा आला. कुटुंबाची पांगापांग झाली. थोरले निवृत्ती चुकले आणि एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ बसले होते. नाथांनी त्यांच्यावर कृपा केली, ती निवृत्तिनाथांकडून ज्ञानोबारायांकडे आली, आणि शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. विचार करा. आपल्या संप्रदायाची गंगोत्री कोठे आहे? आईबापांनी लेकरांना बरोबर घेऊन केलेल्या पायी फेरीत! पोरे घरी ठेवून विठ्ठलपंत एकटेच गेले असते तर?

हे ऐकून पोरांना वाघापुढे न्या, असे मी म्हणत नाही. सांगायचे इतकेच की, बरोबर नेलेल्या लेकराला वाटेत काय भेटेल ते आपण ठरवत नाही. आपण फक्त वाटेवर न्यायचे. गहिनीनाथ आपल्याला दिसत नाहीत. ते लेकराला दिसतात.

नामदेवरायांचे तसेच. दामाशेटी बाहेरगावी गेले आणि गोणाईने बाळ नामाच्या हाती नैवेद्य देऊन त्याला राउळात धाडले. देव जेवत नाही म्हणून बाळ हटून बसले आणि शेवटी देवाला जेवावे लागले, ही कथा आपण जाणतोच. पण देवळात जावे कसे, पान कोठे ठेवावे, देवाला हाक कशी मारावी, हे त्या बाळाला ठाऊक कसे होते? रोज बापाच्या बोटाला धरून तो जात असला पाहिजे. बापाचे बोट आधी, देवाचे बोट नंतर.

हा मोह नव्हे काय?

येथे वैराग्यवान श्रोता शंका घेईल. "लेकरांत एवढे गुंतणे हा मोहच की! शास्त्र पुत्रेषणा सोडायला सांगते."

शंका रास्त आहे. समाधान ऐका. मोह आणि प्रेम यांत फरक कोठे? मोह लेकराला आपल्यामागे ओढतो; प्रेम लेकराच्या पावलाने चालते. मोह म्हणतो, माझा मुलगा शर्यतीत पहिला आला पाहिजे. प्रेम म्हणते, बस जरा, दमलास. 1994 साली वाळवंटात मी पोराला ओढत होतो, तेव्हा मला वैराग्य नव्हते हो; मला माझ्या कीर्तनाचा मोह होता.

आणखी एक खूण सांगतो. मोह 'माझे' म्हणतो आणि तेथेच थांबतो. प्रेम शेजारच्या लेकरापर्यंत पोहोचते. पैठणला भर दुपारी गोदावरीची वाळू भाजत होती. त्या काळी ज्यांची सावलीही लोक टाळत, अशा घरचे एक लेकरू आईपासून चुकून त्या वाळूत रडत होते. पाहणारे पुष्कळ होते; उचलले ते नाथमहाराजांनी. नाक-डोळे पुसले, कडेवर घेतले, त्याच्या घरी नेऊन पोहोचवले. स्नानसंध्येचे सोवळे आड आले नाही. ज्याला परके लेकरू कडेवर घेता येते, त्याचे स्वतःच्या लेकरावरचे प्रेम मोह नव्हे. म्हणून आपली पोरे देवळात नेताना शेजारचे एक पोर बरोबर घ्या. ज्याचा बाप ऊसतोडीला गेला आहे, ज्याची आई मजुरीला जाते, त्याला आधी हाक मारा.

वर्षाची वारी

आता त्या तरुण गृहस्थाला करण्यासारखे सांगतो. पायी वारी आळंदीहून सुमारे अडीचशे किलोमीटर. लहान पोरे घेऊन ती घडत नसेल तर खंत नको. वर्षभराची दुसरी एक वारी आहे. तिला दिंडी लागत नाही, पडशी लागत नाही.

रोज संध्याकाळी देवळापर्यंत जावे. वाटेत कण्हेरीचे फूल, तगरीचे फूल लेकराच्या हाताने तोडावे. तेही एकच, कारण झाडालाही फूल लागते हे त्याला कळावे. देवळात त्याला उचलून घंटा वाजवू द्यावी. समईची वात सारू द्यावी. तुळशीला पाणी त्याच्याच हाताने घालावे. निम्मे त्याच्या अंगावर सांडेल, सांडू द्या.

श्रावणात पोळ्याच्या आधी त्याला मातीचे बैल करू द्या. पाटावर बैल मांडला की त्याला पुरणपोळीचा घास दाखवायला विसरू नका. जो मातीच्या बैलाला घास देतो, तो मोठेपणी खऱ्या बैलावर आसूड उगारताना थबकतो. कार्तिकात आवळीभोजन करा. घरची भाजीभाकरी बांधून आवळीच्या झाडाखाली बसावे, मोठे वनभोजन नको. पौषात हुरडा येतो. शेतात आगटी पेटवून कणसे भाजताना पोरांना लांब बसवा, पण हुरडा चोळून त्यांच्या ओंजळीत तुम्हीच घाला; ती ऊब लेकरू साठ वर्षे विसरत नाही. बाजाराच्या दिवशी बरोबर नेले तर चुरमुऱ्याचा पुडा घेऊन द्या आणि वाटेत भेटेल त्याच्यापुढे तो पुडा धरायला शिकवा. गोपाळकाला म्हणजे दुसरे काय? आषाढी पौर्णिमेला गोपाळपूरला आपण जो काला करतो, तो कृष्णाने रानात सवंगड्यांबरोबर सोडलेल्या शिदोऱ्यांचाच. देवाने परब्रह्म वाटले ते सहलीच्या शिदोरीत वाटले.

ज्यांना पालखीचे दर्शन घडवायचे असेल त्यांनी एखादा टप्पा, तोही अर्धा, लेकराबरोबर चालावा. रिंगण दाखवावे. घोडा धावताना लेकराला खांद्यावर घ्यावे. आपल्याला दिसले नाही तरी चालेल. पण काही पथ्ये पाळा. मी चुकलो आहे म्हणून अधिकाराने सांगतो. लेकराच्या खिशात कागदावर नाव, गाव, घरच्या माणसाचा फोन नंबर आणि रथापुढची की रथामागची कितवी दिंडी, हे लिहून ठेवा. गर्दीत त्याचा हात तुम्ही धरा. करंगळी मोकळ्या वाटेसाठी. चंद्रभागेत लेकराला काठावरच पाणी घाला, धारेत नेऊ नका. पाणी आणि खाऊ जवळ असू द्या. भुकेल्या पोराला दर्शनबारीत उभे करणे म्हणजे भक्ती नव्हे. कीर्तनाला आणलेत तर जाण्या-येण्याच्या वाटेजवळ बसा. हाती छोटे टाळ द्या. झोपले तर मांडीवर झोपू द्या. नामाच्या आवाजात आलेली झोप वाया जात नाही. आणि लेकरू रडले म्हणून कीर्तनकार रागावला तर त्याला खुशाल सांगा की, महाराज, देव लेकुरवाळा आहे.

एक हात जोडून विनंती. पोराला बरोबर न्यायचे आणि स्वतः मोबाईलमध्ये तोंड घालून चालायचे, असे करू नका. तो कीर्तनाचे प्रमाण जुळवत चालणाऱ्या माझ्यासारखाच प्रकार आहे. पाय बरोबर, जीव दुसरीकडे. आणि पोराने गप्प बसावे म्हणून तोच मोबाईल त्याच्या हातात दिला, तर मुंग्यांची रांग कोण पाहील?

मागून चालणे

आता शेवट करतो. मला हे शहाणपण शास्त्राने आले नाही, गुडघ्यांनी आले. तीन वर्षांपूर्वी गुडघे धरले, दौरे कमी झाले. मुलगा-सून दोघे नोकरीला जातात. चार वर्षांचा नातू दिवसभर आमच्याजवळ. संध्याकाळी आम्ही दोघे देवळाला निघतो. अंतर चारशे पावलांचे. आम्हाला तास लागतो. त्याला गोगलगाय दिसते, मला बसायला दगड मिळतो. दोघांची चाल आता सारखीच झाली आहे. "आबा, मुंग्या कुठं चालल्या?" तो विचारतो. मी म्हणतो, "पंढरपूरला." तो म्हणतो, "मग त्यांच्यावर पाय नको द्यायला." चाळीस वर्षे मी लोकांना भूतदया सांगितली, एवढ्या थोड्या शब्दांत कधी सांगता आली नाही.

एकदा मुलगा लवकर घरी आला आणि आमच्या मागून चालू लागला. मला कळले नाही. देवळाच्या पायरीवर तो पुढे आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "अण्णा, माझ्याबरोबर असं तुम्ही कधी चालला नाहीत."

मायबापहो, मला वादात हरवायला मोठमोठे शास्त्री आले आहेत. या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सप्ताह होते, पोट होते, धर्मकार्य होते, हे सगळे ओठावर आले, गिळले. म्हणालो, "नाही चाललो." एवढेच. तोही काही बोलला नाही.

गेल्या कार्तिकीला तो आपणहून म्हणाला, "पोराला पंढरपूर दाखवू." तिघे गेलो. तेच वाळवंट, तीच दशमी. पुन्हा चार वाजता माझी सेवा लागलेली. नातू वाळूत गोटे पाहून थांबला आणि खाली बसला. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. तीस वर्षांपूर्वीचे त्यालाही आठवत असणार. मी फडावर निरोप पाठवला की, तोवर टाळकऱ्यांनी भजन चालवावे, मला अर्धा तास उशीर होईल. आणि गुडघे सांभाळीत वाळूत बसलो. मुलगाही बसला. नातवाने वाळूत नऊ गोटे मांडले, त्याची दिंडी केली. पुढचा गोटा माझा म्हणाला. मी तो उचलून सगळ्यांत मागे ठेवला. थोड्या वेळाने मुलाने न बोलता आपल्या जवळची पाण्याची बाटली माझ्यापुढे केली. तीस वर्षांत त्याच्या हातचे इतके गोड पाणी मी प्यालो नव्हतो.

निघताना नातू बापाच्या करंगळीला धरून चालला. मी मागून चाललो. फडावर थोडी कुरबूर झाली, पण कीर्तन झाले. रंगले की नाही, ते विचारायचे मी विसरलो.

तेव्हा, पारावर भेटलेल्या बाळा, तुझ्या प्रश्नाचे हे उत्तर. तुझी वारी चुकलेली नाही. ती तुझ्या बोटाला धरून चालली आहे. तिने मुंग्या दाखवल्या की महाराजांशी बोलायचे सोड आणि खाली वाक. महाराज थांबतील. पोरीचे हे वर्ष थांबायचे नाही.

श्रीज्ञानदेव-तुकाराम सर्व लेकरांना आणि लेकुरवाळ्यांना सांभाळोत.

रामकृष्णहरी.